कपाचं बूड

कारखान्यात माझ्या सुरीला नंबर आहे : एकेचाळीस.
निळी मूठ, लवचिक पातं.
सकाळी सही करून घ्यायची, संध्याकाळी मोजून परत द्यायची.
रात्री यंत्र तिला धार लावून ठेवतं.
साल्मनच्या कण्यावरून ती अशी सरकते
की माशाला कळूही नये आपण दोन झालो.

आणि घरी, आंकुदच्या चढावर,
आईची सुरी.
काय सांगू तिचं.
टोमॅटो चिरत नाही, लोळवते.
पाव कापला की चुरा पाखरांना जास्त, आम्हाला कमी.
चिलोएचे बटाटे डोळ्याडोळ्यांचे, गाठाळ,
त्यांच्याशी तर रोजची कुस्ती.
परवा जांभळ्या बटाट्यावरून सटकली
आणि आईच्या अंगठ्यात शिरली.
बटाटा सापडला नाही, अंगठा बरा सापडला!
"बोथट सुरीच जास्त कापते,"
फडकं गुंडाळत आई म्हणाली,
जणू चूक माझी.

होतीच.

दुकानात कुरुंदाचा दगड पाहिला.
एक अंग खरखरीत, एक मऊ,
पुठ्ठ्याच्या खोक्यात लोण्याच्या वडीसारखा.
किंमत वाचली.
मनातल्या मनात ती गॅसच्या नळकांड्याशेजारी ठेवली,
ओल्या सरपणाच्या भाऱ्याशेजारी ठेवली,
एलादियोच्या शाळेच्या बुटांशेजारी ठेवली.
दगड दुकानातच राहिला.

पॅकिंगमधली रोसाल्बा म्हणाली,
अगं, कप पालथा घाल की.

चहाचा साधा कप, कान तुटलेला.
बुडाशी कडं असतं एक, चकाकी न चढलेलं.
बोट फिरवलं तर मांजराची जीभ.
इतकी वर्षं त्यावर कप नुसता टेकत होता.

पात्याच्या पाठीखाली शंभर पेसोची नाणी रचली,
दोन कमी, चार जास्त, तीन बरोबर.
मग नाणी परत डब्यात टाकली,
कल मनगटात राहिला.
एलादियोच्या दप्तरातल्या मार्करने
पात्याची कड काळी केली.
जिथे काळं उरलं, तिथे माझा हात चुकला.
बराच चुकला होता.

खर्र. खर्र.
कुत्रा उठून बाहेर गेला.
खर्र. एलादियोने रेडिओ मोठा केला.
अर्ध्या तासाने पलीकडच्या अंगाला
पोलादाला कूस फुटली,
गव्हाच्या लोंबीसारखी,
दिसत नव्हती, अंगठ्याला टोचत होती.
मग पातं उलटलं, पुन्हा तेवढंच.

नवरा पुंता आरेनासला गेला तेव्हा पट्टा विसरला,
पाचव्या भोकाशी चीर गेलेला.
तो खिडकीच्या कडीला अडकवून ताणला
आणि सुरी उलट्या अंगाने ओढली,
वीस वेळा इकडून, वीस वेळा तिकडून.
सात वर्षांत त्या माणसाचं
पहिल्यांदाच काही उपयोगी पडलं.

कागद कुठला घ्यायचा? पगाराचा होता हाताशी.
हवेत धरला.
सुरी कपातीच्या रकान्यातून सरळ खाली गेली,
विमा, निवृत्ती, हातमोजे,
एकाही आकड्यापाशी अडली नाही.

आता आई बटाटे सोलते
आणि साल उजेडाकडे धरून बघते.
तिच्यातून समोरचं कुंपण दिसतं,
कुंपणापलीकडचं नोल्बेर्तोचं डुक्कर दिसतं.
आमच्या सालींवर पोसलंय ते, जाड जाड सालींवर.
काल नोल्बेर्तो विचारत होता,
तुमच्याकडचे बटाटे संपले का?
बादली हलकी येते हल्ली.
डुक्कर काही बोललं नाही,
पण माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं
तसं मुकादमही बघत नाही.

कपाच्या बुडाशी करडी रेघ राहिलीय,
घासून जात नाही.
आई त्याच कपात चहा पिते,
संपला की पालथा करते,
रेघेवरून अंगठा फिरवते, फडकं बांधलेलाच,
आणि टेबलावरून माझ्याकडे
हळूच कात्री सरकवते.